"त्याला स्वतःला वाचवता आलं नाही": वडगावच्या एका मुलीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी बेळगावात नर्स आहे. तिचे वडील वडगावात पॉवरलूम चालवायचे. गेल्या आषाढात ते कॅन्सरनं गेले. घरच्यांनी उपास केले, रात्र-रात्र प्रार्थना केल्या. तिच्या वॉर्डातल्या मैत्रिणीनं, जी ख्रिस्ती नाही, एकदा सहज विचारलं, "तुमच्या देवाला स्वतःला वाचवता आलं नाही, तर तो तुझ्या बाबांना कसा वाचवणार होता?" हिला उत्तर सुचलं नाही. पुढं ती लिहिते, "लहानपणापासून ऐकलंय की आमच्या पापांची शिक्षा येशूनं वधस्तंभावर भोगली. मग बाबांनी अकरा महिने जे भोगलं ते काय होतं?" आणि जाता जाता एक लहानसा प्रश्न आहे, कबरीवर दगड बसवण्याबद्दल. त्याचं शेवटी बघू.

मी निवृत्त पाळक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी मंडळ्यांत चौतीस वर्षं काढली. त्यामुळं "तू" म्हणतोय, राग मानू नकोस.

आधी मैत्रिणीबद्दल. तिच्यावर रागावू नकोस, कारण तिचा प्रश्न शास्त्रातलाच आहे. मार्काच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय काढ, ३१ वी ओवी. मुख्य याजक आणि शास्त्री वधस्तंभाखाली उभे राहून आपसात थट्टा करतात, "त्याने दुसऱ्यांना वाचवले, त्याला स्वतःला वाचवता येत नाही." तुझ्या मैत्रिणीनं कुत्सितपणे विचारलं नसेल, पण वाक्य तेच आहे. ज्या मार्काला येशूची थोरवी सांगायची होती, त्यानं विरोधकांचा हा टोमणा गाळला नाही, उत्तर देऊन खोडलाही नाही. मला वाटतं, त्याला तो टोमणा खराच वाटत होता. गेथशेमाने बागेतून येशूला रातोरात निघून जाता आलं असतं. शिष्य पळालेच की. हा थांबला, म्हणून सापडला. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं. तेव्हापासून आमच्या पेठांत, बाजारांत हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल! त्यावर चिडून बोलणारा प्रचारक बघितला की मला त्याचीच भीती वाटायची, विचारणाऱ्याची नाही.

आता वधस्तंभ म्हणजे काय ते जरा नीट बघ. आपण तो सोन्याचा करून गळ्यात घालतो, वेदीवर पॉलिश करून ठेवतो, त्यामुळं डोळ्यांना सवय झाली आहे. हिंडलग्याच्या तुरुंगात फाशीचा खांब आहे हे बेळगावात सगळ्यांना माहीत. कुणी त्याची सोन्याची नक्कल करून गळ्यात घातली, तर तू तिच्याकडे कशी बघशील? रोमी साम्राज्यात क्रूसाकडे लोक तसंच बघायचे. ती शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना असायची, रोमी नागरिकाच्या वाट्याला सहसा येत नसे. स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर इ. स. पूर्व ७१ मध्ये रोमकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं ६,००० माणसं अशी टांगली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणूनच. ज्यूंना तर त्याहून जड, कारण जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात लिहिलेलं, टांगलेला माणूस देवाच्या शापाखाली असतो.

रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर एका भिंतीवर ओरखडून काढलेलं जुनं चित्र आहे, साधारण इ. स. २०० च्या आसपासचं. क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, खाली हात वर करून उभा असलेला पोरगा, आणि शेजारी लिहिलंय की आलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतोय. कुणीतरी एका ख्रिस्ती मुलाची टर उडवली होती. तेव्हा तुला उत्तर सुचलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. त्या आलेक्सामेनोसला काय सुचलं होतं देव जाणे.

(जाता जाता: 'क्रूस' हा शब्द वाईट नाही, आपले कॅथलिक भाऊबंद तोच वापरतात. पण मला 'वधस्तंभ' बरा वाटतो. त्यात वध आहे, तो लपवता येत नाही.)

तू नर्स आहेस म्हणून एक गोष्ट सांगतो. १९६८ मध्ये यरुशलेमजवळ एक दगडी अस्थिपेटी सापडली. त्यातल्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच होता, टोक वाकलेला. वाकल्यामुळं तो काढता आला नाही आणि घरच्यांनी हाडासकट पुरला. तुझ्यासारखीला यातलं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. पण शुभवर्तमानकार मात्र हे काहीच वर्णन करत नाहीत. "त्यांनी त्याला वधस्तंभावर खिळले", एवढंच. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्यातले काही उपदेशक चाबकाचे फटके मोजत, रक्ताचं वर्णन करत लोकांना रडवतात. चौतीस वर्षं ऐकलं, मला कधी पटलं नाही. मार्काला तुमची दया नको होती, त्याला काहीतरी दाखवायचं होतं.

काय दाखवायचं होतं, तिथं तुझा दुसरा प्रश्न येतो आणि खरं अवघड तिथंच आहे.

"आमच्या पापांची शिक्षा येशूनं भोगली." हे वाक्य खोटं नाही, यशयाच्या ५३ व्या अध्यायातून ते येतं. पण एकटं घेतलं की त्याचं एक चित्र तयार होतं: वर रागावलेला बाप, खाली मार खाणारा मुलगा, आणि मार पुरेसा झाला की बापाचा राग उतरतो. हे चित्र मनात घेऊन वाढलेली कितीतरी माणसं मी बघितली. त्यांना येशू आवडतो आणि देवाची भीती वाटते. नवा करार असं बोलत नाही. प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो की देव ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे देव वर बसून बघत नव्हता. तो लाकडाच्या त्या बाजूला होता जिथं खिळे होते.

शिवाय शास्त्रात एकच उपमा नाही. कुठं बळी आहे, कुठं गुलामाला सोडवण्याची खंडणी, कुठं सत्तांवर मिळवलेला विजय, कुठं तुटलेलं नातं जुळणं. ११ व्या शतकाच्या शेवटी ॲन्सेल्म नावाच्या धर्मगुरूनं सरंजामशाहीतल्या मानापमानाच्या भाषेत ते मांडलं. त्याच्या काळाला ते समजत होतं. तुझ्या घराला कुठली उपमा समजेल? मला विचारशील तर कलस्सैकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली. पौल म्हणतो, आपल्या विरुद्ध असलेलं ऋणपत्र देवानं खोडलं आणि वधस्तंभाला खिळून टाकलं. वडगाव-शहापूरच्या मागवाल्याला ऋणपत्र म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सुताचे पैसे, व्याज, सणाला उचल, आणि चोपडीत दर शनिवारी चढत जाणारा आकडा. एका उत्तम शुक्रवारी मी हे बोललो, तर एक म्हातारे मागकरी नंतर भेटून म्हणाले, "पाळकसाहेब, चिठ्ठी फाडली तर सावकार दुसरी करतंय. खिळ्यानं भिंतीला ठोकली म्हणजे गावानं बघितली की." मला इतकं चांगलं सुचलं नव्हतं.

तर मग बाबांनी काय भोगलं? शिक्षा नव्हे, हे मी ठामपणे सांगतो, कारण येशूनंच ते सांगितलंय. योहानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, कुणाचं पाप, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. दुखण्याला पापाचा हिशेब लावायची खोड तेव्हाही होती, आजही आहे. आपल्याकडं तर ती सर्व धर्मांत सारखी आहे. कुणी पूर्वजन्म म्हणतं, कुणी पाप म्हणतं, कुणी करणी. मग ते अकरा महिने का आले, असं विचारशील. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि वधस्तंभही ते देत नाही. मी तरुणपणी ते द्यायचा प्रयत्न केला होता. खानापूरकडच्या एका गावात तीन वर्षांचं पोर तापानं गेलं होतं. दफनाच्या वेळी मी त्या आईला म्हणालो, "देवाला फूल आवडलं, त्यानं खुडलं." ती बाई पुढची नऊ वर्षं देवळात आली नाही. दहाव्या वर्षी आली तेव्हा मला म्हणाली, "तुमचा देव बाग राखतोय की लुटतोय?" चूक माझी होती.

वधस्तंभ कारण सांगत नाही. तिथं नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास, येशू स्वतःच कारण विचारतो. "एलोई, एलोई, लमा सबखथनी", माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मार्कानं ग्रीकमध्ये लिहिलं, पण हे शब्द त्यानं अरामीत ठेवले, येशूच्या घरच्या भाषेत. तुला हे माझ्याहून जास्त कळेल. आपल्याकडं माणूस ऑफिसात कानडी बोलतो, डॉक्टरशी जमेल तसं इंग्रजी-हिंदी मारतो, पण रात्री दोन वाजता वॉर्डात कळ आली की कुठल्या भाषेत ओरडतो? "आई गं" म्हणणारा आणि "अव्वा" म्हणणारा अंधारातही वेगळा ओळखता येतो. मार्कानं त्या ओरडण्याचं भाषांतर दिलं, पण आधी ते ओरडणं तसंच ऐकवलं.

हे शब्द २२ व्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीतले आहेत. ते स्तोत्र शेवटी स्तुतीवर जातं, म्हणून काही जण लगेच सांगतात की येशूच्या मनात शेवटची ओळ होती. असेल. पण तो पहिली ओळ बोलला. तुझे बाबा शेवटच्या दिवसांत प्रार्थना करायचे थांबले असतील, किंवा देवाला बोलले असतील, तर त्याचा अपराध मनात ठेवू नकोस. देवापासून लांब गेलेल्या माणसाचे ते शब्द असतात असं आपण समजतो. पण शुभवर्तमानात ते देवाच्या पुत्राच्या तोंडी आहेत. माझ्या विश्वासाचा गाभा, खरं सांगायचं तर, एवढाच आहे: "देव मला सोडून गेला" असं म्हणायची वेळ ज्या जागी येते, त्या जागी देव आधीच येऊन गेलेला आहे, आणि त्यानंही तिथं तेच म्हटलं आहे. बाबांच्या खाटेवरून ती जागा फार लांब नव्हती.

मागाच्या घरातली म्हणून आणखी दोन गोष्टी. योहान सांगतो की शिपायांनी येशूचे कपडे वाटून घेतले, पण झगा फाडला नाही, कारण त्याला शिवण नव्हती, वरपासून अखंड विणलेला होता. त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. त्या सगळ्या भयंकर दुपारी एका विणकराच्या कामाची किंमत शिपायांना कळली, हे मला नेहमी चमत्कारिक वाटतं. आणि मार्क सांगतो की येशूनं प्राण सोडला तेव्हा मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. त्या पडद्याआड परमपवित्र स्थान, तिथं वर्षातून एकदा एकटा महायाजक जायचा. बायबल अभ्यासात मी याचा अर्थ समजावत बसलो होतो, तेवढ्यात तेच म्हातारे मागकरी म्हणाले, "कापड खालनं फाटतंय, हात पोचतोय तिथनं. वरनं फाटायला वर कोणतरी पाहिजे की." त्या दिवशी अभ्यास तिथंच संपवला.

पाटीचं तर आपल्या भागात सांगायलाच नको. येशूच्या डोक्यावर रोमी सुभेदार पिलातानं पाटी लावली, 'नासरेथकर येशू, यहूद्यांचा राजा', इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. लगेच मजकुरावरून वाद. याजक म्हणाले, असं लिहू नका, तसं लिहा. पिलात म्हणाला, "मी लिहिले ते लिहिले." आमच्या उत्तम शुक्रवारच्या उपासनेत बारा ते तीन येशूच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, कुणी मराठीत, कुणी कानडीत. मी हा भाग वाचायला लागलो की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकायची. पाटीवरून भांडणारं गाव आम्हाला ओळखीचं.

आता आशेबद्दल. इथं मला नंदगड आठवतं. २६ जानेवारी १८३१ ला कंपनी सरकारनं, त्याच्याविरुद्ध बंड करणाऱ्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगडाजवळ वडाच्या झाडाला फाशी दिलं. हेतू रोमी लोकांचाच, लोकांनी बघावं आणि गप्प बसावं. आज त्याच्या समाधीपाशी लोक पोर व्हावं म्हणून पाळणे बांधतात. सरकारनं मारलेल्याची जागा लोक नवसाची करतात, हे आपल्या मातीला समजतं. तुझी मैत्रीणही समजेल, तिला तिथून सुरुवात करून दे. पण पुढं वाट वेगळी होते. रायण्णा तलवार घेऊन लढला, त्याच्या मरणाचा लोकांना अभिमान होता. येशूनं पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितली, आणि त्याच्या मरणाची त्याच्या माणसांना लाज वाटली. पेत्रानं तर ओळखही नाकारली. अशी माणसं सात आठवड्यांत यरुशलेमच्या रस्त्यावर उभी राहून, ज्याला तुम्ही मारलंत त्याला देवानं उठवलं, असं सांगायला लागली. काहीतरी घडल्याशिवाय हे झालं नाही. पौल तर स्पष्ट लिहितो, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ. मीही तेच म्हणतो. रविवार नसेल तर शुक्रवार म्हणजे नुसतं हिंडलगे, आणि मी चौतीस वर्षं लोकांना फसवलं.

उठलेल्या येशूच्या हातांवर व्रण तसेच होते. थोमाला तो ते दाखवतो. हे तू तुझ्या मैत्रिणीला नक्की सांग, कारण आत्मा निघून जातो आणि कुडी मागं पडते असं आपल्याकडं सगळेच म्हणतात, ख्रिस्ती लोकही दफनाच्या वेळी तसंच बोलून जातात. आमची आशा त्याहून हट्टी आहे. जे शरीर तू अकरा महिने पुसलंस, कूस बदलवलीस, ज्याची ड्रेसिंग केलीस, ते देवाच्या लेखी टाकाऊ नाही. पहिल्या दिवशी पहाटे कबरीकडं कोण गेलं होतं आठव. मग्दालिया मरिया आणि तिच्याबरोबरच्या बायका, सुगंधी द्रव्यं घेऊन, मेलेल्या शरीराला लावायला. त्यांना पुनरुत्थानाची अपेक्षा नव्हती. राहिलेली शुश्रूषा करायला गेल्या होत्या, आणि बातमी पहिल्यांदा त्यांच्या कानी पडली.

मैत्रिणीला सगळं एका दमात सांगू नकोस. ड्युटी संपल्यावर चहा घेताना एवढंच म्हण, हो, त्याला स्वतःला वाचवता आलं नाही, म्हणूनच बाबा त्याच्याशी बोलू शकत होते. पुढं तिनं विचारलं तर बोल. नाही विचारलं तर चहा पी.

आता कबरीचं. तू लिहिलंयस की आईला लगेच ग्रॅनाइट बसवायचाय आणि भाऊ म्हणतो थांबूया. भावाचं ऐक. आपल्याकडच्या पावसात नवी कबर खचते, मी कितीतरी दगड वाकडे झालेले बघितलेत. बाबा गेले तो पावसाळा धरू नकोस, माती तेव्हा नुकती उकरलेली होती. हा एक पावसाळा पूर्ण जाऊ दे, तोवर लाकडी वधस्तंभ राहू दे, सागवानी असला तर टिकेल. दिवाळीनंतर माती बसली की दगड बसवा, खाली सिमेंटचा पाया घालून. मजकूर मराठीत ठेवा. नाव, दोन तारखा, आणि आईला हवं असेल तर "पूर्ण झाले आहे" हे योहान १९:३० मधलं. त्यापेक्षा मोठी ओवी नको. कोरणारा अक्षरावर पैसे घेतो, आणि जोडाक्षर दोन धरतो की एक, हे आधीच विचारून घे.